एकाच छपराखालचे मतभेद

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील कृतज्ञतेचा क्षण असतो. अशा प्रसंगी दात्यांचे स्मरण होते, उभारलेल्या वास्तूंचा उल्लेख होतो, पार पडलेल्या उपक्रमांची यादी वाचली जाते, आणि ते सर्व उचितच आहे. परंतु पन्नास वर्षांच्या वाटचालीत एक गोष्ट कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही. भिन्न स्वभावाची, भिन्न मतांची माणसे एका मेजाभोवती पुनःपुन्हा बसली, त्यांच्यात खटके उडाले, एखाद्या रात्री सभा रुसव्यात संपली, आणि तरीही पुढच्या सभेला ती सर्व माणसे वेळेवर हजर राहिली. संस्था टिकते ती या न नोंदलेल्या गोष्टीमुळे. म्हणूनच कामाच्या जागी सहकाऱ्याशी होणारा संघर्ष आणि त्याची योग्य हाताळणी हा विषय आजच्या प्रसंगी अप्रस्तुत ठरणार नाही.

न निवडलेला सोबती

माणूस मित्र निवडतो, व्यवसाय निवडतो, विवाहातही त्याची संमती विचारली जाते. शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी मात्र त्याने निवडलेला नसतो. आणि तरीही दिवसाचे आठ-नऊ तास, वर्षातील जवळजवळ तीनशे दिवस, त्याच माणसाच्या सहवासात जातात. घरातील मुलांच्या वाट्याला जेवढा जागेपणीचा वेळ येत नाही, तेवढा या न निवडलेल्या सोबत्याच्या वाट्याला येतो. त्याच्याशी बिनसले की त्याचा कडवटपणा दुकानाच्या शटरबरोबर बंद होत नाही. तो घरी येतो, जेवणाच्या ताटावर बसतो, पत्नीशी किंवा मुलांशी बोलताना आवाजात उतरतो, आणि रात्री झोपेच्या आड येतो. ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नाही, त्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. एका मध्यम आकाराच्या पेढीवर विक्री सांभाळणारा एक गृहस्थ आहे आणि हिशेब सांभाळणारा दुसरा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला मागील महिन्याच्या विक्रीच्या बिलांचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. विक्रीच्या गृहस्थाकडून काही बिले १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत येतच नाहीत. हिशेबनीस रात्री उशिरापर्यंत थांबतो, चरफडतो, आणि सकाळी मालकांसमोर व चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "यांना कामाची पर्वाच नाही." विक्रीचा गृहस्थ उत्तर देतो, "एसीत बसून चुका काढणे सोपे असते." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद होते. चहा वेगळा येऊ लागतो. निरोप पोऱ्यामार्फत जाऊ लागतात. सहा महिन्यांनी पेढीतील प्रत्येक नोकराला कोणत्या तरी एका पक्षात उभे राहावे लागते. बिले मात्र अजूनही १० तारखेलाच येत असतात.

मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो आणि त्याभोवती वैर मात्र वाढत जाते, ही अशा संघर्षाची खरी शोकांतिका असते.

संघर्ष कोठून येतो?

कामाच्या जागचे बहुतेक संघर्ष दुष्टपणातून जन्म घेत नाहीत. कोणाचे काम कोठे संपते आणि कोणाचे सुरू होते, हे स्पष्ट नसणे, हे पहिले कारण. श्रेयाची वाटणी अन्यायाची वाटणे, हे दुसरे. कामाची पद्धत भिन्न असणे, हे तिसरे. एकाला प्रत्येक गोष्ट कागदावर हवी असते, दुसऱ्याचा सारा कारभार तोंडी चालतो. आणि चौथे, अधिक खोल कारण म्हणजे मूल्यांमधील भेद.

या कारणांवर मनाची एक जुनी खोड मीठ चोळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये त्या खोडीला एक शास्त्रीय नाव दिले, पण तिचा अनुभव प्रत्येकाला आहे. स्वतःला उशीर झाला तर माणूस परिस्थितीकडे बोट दाखवतो: गाडी चुकली, पाऊस होता, मुलगा आजारी होता. दुसऱ्याला उशीर झाला तर मात्र तो त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो: हा माणूसच बेजबाबदार आहे. स्वतःच्या वर्तनाची कारणे आतून दिसतात. दुसऱ्याचे केवळ वर्तन दिसते, कारणे दिसत नाहीत. पेढीवरील हिशेबनिसाला बिले उशिरा आलेली दिसली. ती का उशिरा येतात, हे त्याने सहा महिन्यांत एकदाही विचारले नाही.

अनेकान्ताची शिकवण बालपणापासून कानावर पडलेल्या समाजाला ही गोष्ट नवी वाटू नये. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, आणि एका स्थानावरून पाहणाऱ्याला तिचा एकच अंश दिसतो, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. प्रश्न एवढाच की, हे तत्त्व प्रवचनाच्या मंडपातून पेढीच्या गादीपर्यंत पोहोचते काय?

खिडकीचा प्रश्न

मेरी पार्कर फोलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ साली संघर्षाच्या विधायक उपयोगावर एक व्याख्यान दिले होते. त्यात तिने सांगितलेला प्रसंग अगदी साधा आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि फोलेटला ती बंद हवी होती. अशा वेळी सामान्यतः दोनच मार्ग सुचतात. जो अधिक हट्टी असेल त्याचे चालते, किंवा खिडकी अर्धी उघडी ठेवून दोघेही असमाधानी राहतात. त्या दोघांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. एकाला मोकळी हवा मिळाली, आणि फोलेटच्या अंगावर येणारा थेट वारा टळला. खिडकी बंदच राहावी असा तिचा आग्रह मुळात नव्हताच. वारा अंगावर येऊ नये, एवढेच तिला हवे होते.

तडजोड आणि समन्वय यांतील भेद या लहानशा प्रसंगात स्पष्ट होतो. तडजोडीत प्रत्येक जण थोडे गमावतो. समन्वयात प्रत्येकाची खरी गरज शोधली जाते. आणि खरी गरज शोधण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: "हे आपणास का हवे आहे?"

पेढीवरील त्या दोघांमध्ये हा प्रश्न कोणी तरी विचारला असता, तर उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते. महिन्याचा पहिला आठवडा हा उधारीच्या वसुलीचा असतो. विक्रीचा गृहस्थ त्या दिवसांत गावोगावच्या दौऱ्यावर असतो आणि बिलबुक त्याच्या पिशवीत असते. तो १० तारखेला परततो, म्हणून बिले १० तारखेला येतात. रोज संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणावरून बिलांचे छायाचित्र मोबाइलवर धाडले, तर ना दौरा चुकतो, ना तारीख. शेजारच्या खोलीची खिडकी ती हीच.

डोंगरीतील सहवास आणि त्यानंतर

सर्वच संघर्ष मात्र इतके सोपे नसतात. काही वेळा दोन्ही बाजूंना प्रामाणिक, बुद्धिमान आणि निःस्वार्थी माणसे असतात, आणि तरीही मार्ग वेगळे होतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण म्हणजे बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर.

डेक्कन कॉलेजात विद्यार्थी असताना या दोघांची मैत्री जुळली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणकार्याला आयुष्य वाहावे, असा संकल्प दोघांनी केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढच्या वर्षी जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या प्रकरणात तेथील दिवाणांवर केलेल्या लिखाणाबद्दल दोघांवर खटला झाला, आणि १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातील एकशे एक दिवस या दोन मित्रांनी एकत्र काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सहकार्याचे यापेक्षा उज्ज्वल चित्र कोणते असणार?

आणि तरीही त्यानंतर पाच-सहा वर्षांत हे सहकार्य संपले. यामागे एक नव्हे, दोन संघर्ष होते. पहिला संघर्ष तत्त्वाचा. बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण अशा प्रश्नांत समाजसुधारणा तत्काळ व्हावी आणि गरज पडल्यास त्यासाठी कायदाही व्हावा, असे आगरकरांचे मत होते. परकीय सरकारने समाजाच्या आचारात कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून यावी, अशी टिळकांची भूमिका होती. दुसरा संघर्ष संस्थेच्या कारभाराचा. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर संपूर्ण वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामे व बाहेरचे उत्पन्न घेऊ नये, असा टिळकांचा आग्रह होता. संसाराच्या गरजा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य यांचा विचार करून नियम इतके ताणू नयेत, असे अन्य सहकाऱ्यांना वाटत होते.

तत्त्वाचा मतभेद आणि कारभाराचा मतभेद एकमेकांत मिसळले, हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे. वेतनाच्या चर्चेत सुधारणेचा राग उतरू लागला, आणि सुधारणेच्या चर्चेत वेतनाचा. आजच्या कार्यालयांतही नेमके हेच घडते. रजेच्या अर्जावरून सुरू झालेला वाद जुन्या पदोन्नतीच्या वादाला जाऊन भिडतो, आणि मग कोणता प्रश्न सोडवायचा, हेच कोणाला उमगत नाही.

या दोन थोर पुरुषांच्या वर्तनात अनुकरणीय असे पुष्कळ आहे. स्वतःची मते 'केसरी'त मोकळेपणाने मांडता येत नाहीत, हे लक्षात येताच आगरकरांनी १८८७ साली संपादकपद सोडले आणि १८८८ साली स्वतःचे 'सुधारक' पत्र सुरू केले. पदावर राहून आतून विरोध करण्याचा आडमार्ग त्यांनी घेतला नाही. संस्थेत आपला आग्रह मान्य होणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर टिळकांनी १८९० च्या अखेरीस सविस्तर राजीनामापत्र लिहिले, कारणे नोंदवली आणि संस्था सोडली. संस्था मोडण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ती संस्था आजही उभी आहे.

परंतु दुःखाची बाजूही आहे. दोन वृत्तपत्रांतून दोघांनी परस्परांच्या मतांवर जी टीका केली, तिला पुढे पुढे व्यक्तिगत धार आली. जे बोलणे एकेकाळी तुरुंगाच्या कोठडीत समोरासमोर होत असे, ते आता छापील अक्षरांतून सर्व गावासमोर होऊ लागले. सर्वांसमोर उच्चारलेला शब्द मागे घेणे कठीण असते, कारण त्यात प्रतिष्ठा गुंतते. आगरकर १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, निवर्तले. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिण्याची वेळ टिळकांवर आली. ज्या मित्राबरोबर एकशे एक दिवस एका छताखाली काढले, त्याच्याविषयीचा जिव्हाळा अखेर मृत्युलेखात लिहावा लागणे, यापेक्षा अधिक वेदनादायक ते काय असेल?

दोन टिपणे

याच्या तुलनेत आणखी एक प्रसंग पाहण्याजोगा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि उपपंतप्रधान सरदार वल्लभभाई पटेल यांच्यात गंभीर मतभेद झाले. दुसऱ्या मंत्र्याच्या खात्यात पंतप्रधानांनी कितपत लक्ष घालावे, हा त्यातील मूळ प्रश्न होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो अधिकारक्षेत्राचा वाद होता.

जानेवारी १९४८ मध्ये दोघांनीही आपापली बाजू स्वतंत्र टिपणांत लिहून महात्मा गांधींकडे दिली. त्या टिपणांतील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे दोघांनीही वाद व्यक्तीचा न करता पदाच्या कर्तव्यांचा केला: पंतप्रधानाचे काम नेमके कोणते, याविषयी आपली समजूत काय आहे, हे मांडले. दुसरी म्हणजे एकत्र काम शक्य नसेल, तर आपण बाजूला होऊ, अशी तयारी दोघांनीही दाखवली. "त्याला काढा" असे कोणीच म्हटले नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी प्रार्थनेपूर्वी सरदार पटेल गांधीजींना भेटले, ते याच प्रश्नाच्या संदर्भात. त्या भेटीनंतर काही मिनिटांतच गांधीजींची हत्या झाली. त्या आघातानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नेहरू आणि पटेल यांनी एकमेकांना पत्रे लिहून जुन्या स्नेहाची ग्वाही दिली. मतभेद त्यानंतरही उरले, अनेक प्रश्नांवर ते प्रकट झाले. परंतु १५ डिसेंबर १९५० रोजी सरदारांचे निधन होईपर्यंत दोघांनी एकाच मंत्रिमंडळात काम केले. संस्थानांच्या विलीनीकरणाचे आणि राज्यघटनेच्या निर्मितीचे कार्य याच काळात पूर्णत्वास गेले. सहकाऱ्यांचे एकमत नसतानाही मोठी कार्ये सिद्धीस जातात, याची ही साक्ष आहे.

आचरणाचे काही नियम

या दोन प्रसंगांतून आणि रोजच्या अनुभवातून काही नियम हाती लागतात. ते कठीण नाहीत. कठीण आहे ते रागाच्या क्षणी आठवणे.

पहिला नियम वेळेचा. राग ताजा असताना उत्तर देऊ नये. विशेषतः लेखी उत्तर तर देऊच नये. आज व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर एका क्षणात लिहिलेले वाक्य पन्नास जण वाचतात आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवतात. टिळक-आगरकरांच्या काळी छापखान्यात खिळे जुळवेपर्यंत तरी विचाराला अवकाश होता. आज तोही उरलेला नाही. पत्र लिहावे, पण रात्रभर ठेवावे. सकाळी वाचून पाहावे. बहुधा निम्मे पत्र खोडावे लागते. मात्र विलंबालाही सीमा असावी. दोन-तीन दिवसांत विषय काढला नाही, तर तो मनात मुरतो.

दुसरा नियम जागेचा. तक्रार एकांतात करावी, प्रशंसा चारचौघांत. गिऱ्हाइकांसमोर किंवा हाताखालच्या माणसांसमोर सांगितलेली चूक कितीही खरी असली, तरी ऐकणाऱ्याच्या कानात फक्त अपमान शिरतो.

तिसरा नियम भाषेचा. घटना सांगावी, स्वभावावर निर्णय देऊ नये. "आपल्याला कामाची पर्वा नाही" हा निर्णय आहे. "मागील तीन महिन्यांत बिले १० तारखेला हाती आली, त्यामुळे दोनदा रात्री अकरापर्यंत थांबावे लागले" ही घटना आहे. निर्णयाला फक्त प्रतिनिर्णय मिळतो. घटनेला उत्तर मिळू शकते. "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द तर अशा संभाषणातून वगळावेतच. हित, मित आणि विचारपूर्वक बोलण्याचा जो आदर्श भाषासमितीत सांगितला आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ याहून वेगळा नाही.

चौथा नियम श्रवणाचा. आपले म्हणणे मांडून झाल्यावर थांबावे, आणि समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत परत सांगून पाहावे: "म्हणजे दौऱ्यामुळे बिलबुक बाहेर राहते, असेच ना?" तो "होय" म्हणाला, की अर्धे काम झाले. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऐकणे म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून मान्यता देणे.

पाचवा नियम विषयाचा. एका बैठकीत एकच प्रश्न घ्यावा. जुन्या खात्यातील थकबाकी त्या दिवशी काढू नये. जे ठरले ते दोन ओळींत लिहून दोघांनी ठेवावे: कोणी, काय, केव्हापर्यंत. त्यात अविश्वास नाही. चोख व्यवहाराची परंपरा असलेल्या समाजाला लेखी नोंदीचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी.

सहावा नियम तिसऱ्या व्यक्तीचा. दोघांत मिटले नाही, तर दोघांचाही विश्वास असलेल्या वरिष्ठाकडे जावे. शक्य तर दोघांनी मिळून जावे, निदान दुसऱ्याला कल्पना देऊन जावे. सहकाऱ्याविषयीची तक्रार ज्याच्याकडे उपाय आहे त्याच्याकडे नेणे, हे कर्तव्य आहे. ज्याच्याकडे उपाय नाही त्याच्याकडे नेणे, ही निंदा आहे. चहाच्या टपरीवरील कुजबुज दुसऱ्या प्रकारात मोडते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत वैयक्तिक तक्रारींसाठी तक्रार निवारण समिती असावी, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पेढ्या आणि कारखाने चालवणाऱ्या बांधवांनी ही समिती केवळ कागदावर ठेवू नये.

सातवा नियम मालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी आहे. दोन सहकाऱ्यांच्या भांडणात पुष्कळदा खरा दोष वरच्यांचा असतो. एकच काम दोघांना सांगितले गेले, कामाच्या सीमा कधी आखल्याच नाहीत, किंवा एकाच्या चुगल्या आवडीने ऐकल्या गेल्या, की संघर्षाचे बीज पेरले जाते. ऐकणारा कान बंद झाला, की सांगणारे तोंडही बंद होते.

संयमाची सीमा

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. सर्व गोष्टी संघर्ष या सदरात मोडत नाहीत. सहकाऱ्याशी मतभेद होणे वेगळे, आणि सहकाऱ्याकडून छळ होणे वेगळे. स्त्री कर्मचाऱ्याशी असभ्य वर्तन, जातीवरून अपमान, पैशांचा अपहार, खोट्या नोंदी करण्याचा दबाव, धमकी, हे प्रकार "दोघांनी आपसांत मिटवून घ्यावे" असे नसतात. तेथे क्षमेच्या नावाखाली मौन बाळगणे म्हणजे पुढच्या बळीची वाट मोकळी करणे होय.

विशाखा प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. जेथे कर्मचारी दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. ही माहिती प्रत्येक घरातील नोकरी करणाऱ्या मुलीला आणि सुनेला असली पाहिजे. लहान पेढ्यांत, शाळांत आणि विश्वस्त संस्थांतही "घरच्यासारखे वातावरण आहे" असे सांगून ही व्यवस्था टाळली जाते. घरच्यासारखे वातावरण असेल, तर घरच्या लेकीला जी सुरक्षितता असते, ती तेथील प्रत्येक स्त्रीला मिळावयास हवी.

संयम हा बलवानाचा गुण आहे, दबलेल्याची सक्ती नव्हे. जेथे समोरासमोर बोलण्यात धोका आहे, तेथे समोरासमोर बोलण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे. तेथे दिनांकासह नोंद ठेवावी, साक्षीदार असल्यास त्यांची नावे लिहून ठेवावीत, आणि योग्य समितीकडे जावे.

क्षमापना : शेजारच्या खुर्चीपासून

शेवटी एका अशा परंपरेकडे वळणे उचित ठरेल, जी या समाजाची अनमोल ठेव आहे. संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी प्रत्येक घरातून क्षमायाचना केली जाते. पूर्वी पोस्टकार्डे जात, नंतर छापील पत्रिका, आता मोबाइलवर एकाच बोटाने पाचशे जणांना "मिच्छामि दुक्कडम्" पोहोचते. या पाचशे जणांत परगावचे व्याही असतात, वर्षातून एकदाही न भेटणारे दूरचे नातलग असतात, ज्यांच्याशी कधी भांडण्याचा प्रसंगच आला नाही असे पुष्कळ लोक असतात. ज्याच्याशी सहा महिने अबोला आहे तो शेजारच्या खुर्चीवरील सहकारी मात्र पुष्कळदा या यादीत नसतो. किंवा असलाच, तर पाचशेपैकी एक म्हणून असतो.

क्षमापनेचा खरा कस तेथे लागतो. तो सहकारी जैन असेल किंवा नसेल. त्याला प्राकृत शब्दांचा अर्थ ठाऊक असेल किंवा नसेल. त्याच्या मेजापाशी जाऊन, साध्या मराठीत, नेमक्या गोष्टीसाठी क्षमा मागावी: "त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर तसे बोलायला नको होते. चूक झाली." सर्वसाधारण क्षमा मागणे सोपे असते, कारण तीत काहीच कबूल करावे लागत नाही. नेमकी क्षमा मागणे कठीण असते, आणि म्हणूनच ती समोरच्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचते. कदाचित तो लगेच हसणार नाही. कदाचित त्याची चूक अधिक मोठी असेल आणि तो ती कबूलही करणार नाही. तरी हरकत नाही. आपल्या वाट्याची गाठ सोडवली, एवढे समाधान पदरी पडते, आणि त्या रात्री घरातील माणसांना हसरा चेहरा दिसतो.

आणि क्षमा मागितली म्हणून मत बदलावे लागते, असेही नाही. मत तसेच ठेवून माणूस जोडता येतो. नेहरू आणि पटेल यांनी मते सोडली नाहीत. टिळक आणि आगरकर यांनीही सोडली नाहीत, आणि सोडावयास हवी होती असे कोणी म्हणू नये; त्या दोघांच्या मतांतूनच पुढचा महाराष्ट्र घडला. हळहळ वाटते ती एवढ्याचीच की, मनातील स्नेह उघडपणे बोलून दाखवण्यासाठी मृत्युलेखाची वाट पाहावी लागली.

उद्या सकाळी प्रत्येक जण आपापल्या कामावर जाईल. कोणी पेढीवर, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी संगणकाच्या कंपनीत. तेथे कोठे तरी एक खुर्ची अशी असेल, जिच्याकडे पाहणे टाळले जाते. पर्युषणाची वाट न पाहता उद्याच त्या खुर्चीपाशी जाऊन थांबावे, आणि निदान एवढे तरी विचारावे, "जरा दोन मिनिटे बोलता येईल का?" पन्नास वर्षे संस्था चालवणाऱ्या समाजाला हे एक वाक्य जड जाऊ नये.

जय जिनेंद्र!